अंगी न लागलेली हवा

नांदेडला मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पेशींच्या श्वसनाचा धडा आला की फळ्यावर मायटोकाँड्रिया काढते आणि सांगते, अन्नातली ऊर्जा पेशी इथं मोकळी करून घेते. शेवटच्या पायरीवर इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन लागतो. ती पायरी अडली की सगळं काम ठप्प.

त्या उन्हाळ्यात मी रेणापूरला मावशीकडे गेले होते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तुरीला कीड लागू नये म्हणून मावशीच्या यजमानांनी, काकांनी, पोत्यांत गोळ्या ठेवून खोली बंद केली होती. दुपारी घरावरचे पत्रे तापले, तशी मावशी गारव्याला त्याच मातीच्या खोलीत जाऊन आडवी झाली. गोळ्यांतून विषारी वायू निघतो, हे तिला माहीत नव्हतं. चहाच्या वेळेला ती भिंत धरत, उलट्या करत बाहेर आली.

लातूरच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसत होता, पण रक्तदाब उतरत चालला होता. काका पुन्हा पुन्हा मला तो आकडा दाखवत होते. मावशीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"हवा येऊन राहिली गं," ती म्हणाली, "पण अंगी लागून न्हाई राहिली."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "रक्तात ऑक्सिजन आहे. पेशींना तो वापरता येत नाही. ह्या विषावर उतारा नाही."

मी मान हलवली. ते जे सांगत होते त्याचं चित्र मी कितीदा तरी फळ्यावर काढलं होतं. आत जाऊन मावशीपाशी बसले. तिचा हात माझ्या हातात गार पडत गेला. संध्याकाळी ती गेली.

आता तो धडा शिकवताना ती शेवटची पायरी आली की मला वर्गात कुणीतरी धापा टाकतंय असं वाटतं. मी वळून बघते. मुलं गुपचूप लिहीत असतात. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ऑक्सिजन असूनही पेशी मरते का?"

"मरते," मी म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

काकांनी त्या खोलीचं दार चौकटीसकट काढून टाकलंय. तूर आता घरात येत नाही. मी गेले की ते पाणी देतात, समोर बसतात आणि मी बोलत असताना माझ्या छातीकडे बघत राहतात. मध्येच विचारतात, "दम तर लागत न्हाई ना तुला?"

"न्हाई काका."

तरी बघतच राहतात.