डोळे उघडलेलं सीताफळ

आता लपवत नाही. वर्षानुवर्षं महाबळेश्वरचं आश्वासन देऊन शेवटी मी बायकोला भोकरदनकडच्या एका डोंगराळ गावात नेलं. प्रेक्षणीय स्थळं दोनच, डोंगर आणि डोंगराची सावली. दोन्ही फुकट. "हवा अगदी तिथल्यासारखीच," मी म्हणालो.

पायथ्याशी एक म्हातारी सीताफळं अंगठ्यानं हलकेच दाबून बघत होती. कच्ची पुन्हा गवतात झाकायची.

"कुठं निघाले?"

"महाबळेश्वर बघून राह्यलो," बायको म्हणाली.

म्हातारीनं मला न्याहाळलं. "मालक लई जपतात, बाई, तुम्हाला. खर्चापासून." मंग बायकोच्या हातात एक फळ ठेवलं. "घ्या, पिकलंय. डोळे उघडलेत याचे."

"माझेही," बायको माझ्याकडं बघत म्हणाली.

त्यानंतर मात्र हवा खरंच महाबळेश्वरासारखी गार झाली.