फळीला विचारून

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कोण बोलतंय?" पलीकडे त्यांचा नातू होता. नाव सांगत होता, आवाज ओळखीचा होता, तरी मी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मरणाच्या बातमीलाही ही साक्षीपुरावा मागते, असं माझी मुलं म्हणतात. खोटं नाही. संशय माझ्या हाडीमाशी खिळलेला आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांना झाला ते ज्ञानूतात्या महिन्याभरापूर्वी गेले.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. माण तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. मालक मुंबईला गिरणीत. घरात मी आणि अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले माझे सासरे, म्हणजे मामंजी. त्यांची वाचा गेली होती, पण दारात बांधलेल्या हरणी घोडीकडे ते दिवसभर बघत पडायचे. गावात वैरण उरली नव्हती. जनावरांच्या छावणीत गाई-बैलांना जागा होती, घोडीला नव्हती. माझ्या भावाची शेती सांगलीजवळ कृष्णेकाठी, तिथं उसाचं हिरवं वाडं मुबलक. पण घोडीच्या फासळ्या वर आलेल्या आणि वाटेत कुठं पाणी नाही, तिला चालवत नेणं शक्यच नव्हतं. म्हणून भाऊ ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आला. मागं फळी लावली, चार गडी लागले, कुणी ओढलं, कुणी मागून दोर टाकला. घोडी दोन पायांवर उभी राहिली, पडली, गुडघा सोलून घेतला. भावाला परत जाणं भाग होतं. तो ट्रॉली आमच्या अंगणात सोडून निघाला. म्हणाला, "पंधरा दिसांनी येतो. चढली तर नेतो, न्हाईतर मोकळी ट्रॉली नेतो." त्या रात्री मामंजी जेवले नाहीत.

शेजारच्या गावचे ज्ञानूतात्या पलटणीत खेचरं सांभाळून आलेले, मामंजींच्या ओळखीचे. निरोप धाडल्यावर आले. आले आणि घोडीला हातसुद्धा लावला नाही. तिला ट्रॉलीपासून लांब बांधली, आपण ट्रॉलीत चढून बसले आणि फडक्यातली भाकरी सोडली. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच, फक्त घोडी दोन हात जवळ. मी म्हटलं, "आवं तात्या, घोडी चढवायची हाय, तुमास्नी न्हवं."

"मी चढल्याबिगार ती कशी चढंल, सूनबाई?" म्हणाले आणि कांदा फोडला.

त्याच आठवड्यात जनावरांचा एक दलाल दोनदा दारात येऊन गेला. घोडी देऊन टाका म्हणाला, मरणारच हाय. मी त्याला वाटेला लावलं. आणि दोन दिवसांनी शाळेतून येताना बघते तर चहाच्या टपरीवर तोच दलाल आणि तात्या, डोक्याला डोकं लावून. मला बघून तात्या बोलायचे थांबले... माझ्या मनात पाल चुकचुकली. एकटी बाई बघून मापात मारणारे दुकानदार मी रोज बघत होते. इथंही पाणी मुरतंय हे दिसतच होतं. पंधरा दिवस भाकरी खात काढायचे, भाऊ मोकळा परत गेला की घोडी दलालाच्या दावणीला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीआडून पहारा सुरू केला. गव्हाणीत काही टाकलंय का ते हुंगून बघितलं. एकदा तात्या तोंड धुवायला गेले असताना त्यांची तंबाखूची चंचीसुद्धा उघडली. त्यात तंबाखूच होती.

दहाव्या दिवशी तात्यांनी गोणपाटं मागितली, ट्रॉलीच्या पत्र्यावर माती टाकली, वर गोणपाटं अंथरली. ट्रॉलीत काय पेरणी करायची आहे का, असं वाटून माझा तोल गेला. मामंजींच्या खाटेसमोरच मी म्हणाले, "दलालाशी काय ठरलंय ते आदी सांगा, मग घोडीला हात लावा."

तात्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. "ठरल्यालं काय न्हाई. पर तुमचं इचारणं बराबर हाय," म्हणाले आणि निघून गेले. मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते माझ्यासाठी होतं हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तात्या येणार नाहीत असं मी धरूनच चालले होते. आले. मला बोलावलं आणि उघड्या फळीवर पाय आपटला. पोकळ, दणदणीत आवाज झाला. लांब बांधलेली हरणी थरथरायला लागली. मग फळीवर माती आणि गोणपाट टाकून पुन्हा आपटला. आवाज नाही. घोडीचे कान पुढं आले.

"ही घोडी तुमच्या मामंजींना त्या दलालानंच इकली हुती," तात्या म्हणाले. "ट्रकात चढवताना फळी मोडली, पाय अडकला. कबूल करीना गडी. लय चा पाजावा लागला."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून तुमचा इस्वास बसला असता? घोडीचाबी बसत न्हवता."

तेव्हाच माफी मागायला हवी होती.

तेराव्या दिवशी हरणीनं फळी हुंगली, पुढच्या पायानं दोनदा ठोकली आणि मागं सरली. मी दावं ओढायला धावले, तर तात्यांनी हात आडवा केला. "तिला इचारू द्या. संशयी जनावर पाय मोडून घेत न्हाई." चौदाव्या दिवशी ती आपण होऊन वर गेली आणि त्यांच्या फडक्यातली भाकरी खाऊन मोकळी झाली. भाऊ आला. दिवसभराच्या वाटेत तात्या ट्रॉलीत तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. घोडी पोचल्याचं पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायची खूण केली. पुढं वर्षभरानं ते गेले.

नंतर माझी बदली सांगलीला झाली. भावानं ट्रॉली विकली तेव्हा ती फळी मी मागून घेतली, खाली दोन दगड लावून दारात बसायला केली. तात्या वर्षातून एकदा हळद न्यायला सांगलीला यायचे. बसण्याआधी फळीवर दोनदा तळहात आपटायचे आणि माझ्याकडे तिरकं बघून म्हणायचे, "इचारून घेतल्यालं बरं, सूनबाई." मी हसायचे आणि चहाच्या निमित्तानं आत पळायचे. माफी दरवर्षी पुढच्या वर्षावर जायची.

त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा नातू म्हणाला, "तात्या आमच्या बहिणीला स्थळ आलं तवा म्हणायचं, सांगलीच्या मास्तरीणबाईस्नी दाखवून आणा. त्यांच्या नजरंतनं काय सुटत न्हाई." मला ते ऐकवेना. त्यांची चंची उघडणारी मी, आणि हे...

शेवटचे तात्या गेल्या दिवाळीनंतर आले होते. नव्वदी गाठलेली, हातात काठी. सरळ येऊन फळीवर बसले. मी म्हटलं, "तात्या, आज इचारलं न्हाई?"

"आता तुमच्या घरात इचारू व्हय?" म्हणाले.

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. मी चहा टाकायला आत गेले.

फळी अजून दारात आहे. बसण्याआधी आता मी तिच्यावर दोनदा हात आपटते. ती पक्की आहे हे मला ठाऊक आहे.