सात दिवसांचं पाणी

सावनी, ईशान —

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. ते गेले, तोपर्यंत नाही. तुमच्या बाबाला हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळेल. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं. पण इंग्रजी मी आयुष्यभर शिकवलं, त्यात मला गोष्टी सावरून घेता येतात. म्हणून मराठीत — आणि वाक्यं लहान.

आताच का? गेल्या रविवारी ईशाननं व्हिडिओ कॉलवर शाळेतला निबंध वाचून दाखवला. माझ्यावरचा. त्यात होतं, की आजी प्रत्येक गोष्ट वहीत लिहिते, कारण अकोल्याचं घर बांधताना एका लबाड मिस्त्रीनं तिला फसवलं आणि वहीमुळेच तो पकडला गेला. बाबानं टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मग फोन ठेवला. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी माझं खोटं — इतक्या लांब पोचलं कसं ते?

निबंधात मिस्त्रीचं नाव नव्हतं. त्याचं नाव हमीद.

नीट सांगते. अकोल्याची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पंजा जाईल एवढी फाटते. म्हणून इंजिनीयरनं सबंध घराखाली काँक्रीटचा एकच सलग स्लॅब टाकायला सांगितला, त्यावर घर. मे महिना होता. हमीद मिस्त्रीनं एका दिवसात स्लॅब टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पाणी साठायला मातीचे वाफे बांधून दिले, मेथीला बांधतात तसे, आणि मला म्हणाला, "बाई, माहं काम झालं, आता तुमचं सुरू. सात दिवस वाफे सुकू देऊ नका. लेकरावानी आहे हे, सारखं पानी मांगते."

आजोबा नोकरीला यवतमाळला होते, शनिवारी यायचे. सुटी म्हणून तुमचा बाबाही त्यांच्याकडेच होता. पाण्याचं काम माझ्याकडे. टाकं भरलेलं, पाइप तयार. मी नवी वही केली, रकाने आखले — वार, सकाळ, संध्याकाळ. दोन दिवस पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी मी अमरावतीला गेले. एका उन्हाळी शिबिरात इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती, मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एका दिवसाचं काम. पण तिथे माझ्या उच्चारांचं फार कौतुक झालं. राहा म्हणाले, मुलांना चार गोष्टी शिकवा. मी राहिले. चार दिवस. हमीदला निरोप देता आला नसता का? आला असता. पण मग आजोबांना कळलं असतं, की मी काम टाकून गेले — आणि कामं टाकणारी बाई मी नव्हते ना.

परतताना बडनेऱ्याला गाडीत बसले आणि वही काढली. मूर्तिजापूर यायच्या आत चार दिवसांचे रकाने भरले. बरोबरच्या आठ खुणा. काही निळ्या पेनानं, काही काळ्या — एकदम केल्यासारख्या दिसू नयेत म्हणून. हे मला कोणी शिकवलं होतं? मुलांच्या अशा लबाड्या मी वर्गात पकडत असे.

सामान भाड्याच्या खोलीवर टाकून प्लॉटवर पोचले, तर आजोबा आलेले. इंजिनीयर होता. शेजारच्या तिन्ही प्लॉटांचे मालक होते. त्यांचे पायेही हमीदच टाकणार होता. स्लॅबला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. माझी शाळेतली पट्टी उभी गेली असती. इंजिनीयर म्हणाला, एकतर पाणी मिळालं नाही, नाहीतर मालच खराब कालवला. आजोबांनी अभिमानानं हात पुढे केला — "हिची वही बघा."

मी वही दिली.

हमीद उकिडवा बसला. त्यानं स्लॅबवर तळहात ठेवला. मग वाफ्यांकडे बघितलं. मीही तेव्हाच बघितलं. वाफ्यांच्या मातीत वाटीएवढे खळगे होते. चिमण्या लोळून गेल्या होत्या. चिमण्या ओल्या मातीत लोळत नाहीत.

"रोज पानी पडलं नं, बाई?"

"हो. सकाळ-संध्याकाळ."

किती सहज निघालं ते. मला आजही धक्का बसतो तो त्या सहजतेचा.

तो माझ्याकडे बघत राहिला. खळग्यांकडे त्यानं बोट दाखवलं नाही. उठला, हात झटकले आणि इंजिनीयरला म्हणाला, "असन साहेब. माह्याच हातून माल पातळ झाला असन. तोडतो, अन् पुन्हा टाकतो."

का? त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून? चारचौघांत बाईमाणसाची लाज जाऊ नये, म्हणून? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानं स्लॅब फोडला, पुन्हा टाकला. या खेपेला पाणी द्यायला तो स्वतः सायकलवर यायचा, दोन्ही वेळा. एकदा मी पाइप उचलला, तर त्यानं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "राहू द्या, बाई." इतकंच.

तिन्ही प्लॉटवाल्यांनी दुसरा मिस्त्री बघितला. मग इतरांनीही. पुढे हमीद नांदगाव पेठेला एका ठेकेदाराकडे रोजानं जायला लागला. खूप वर्षांनी बडनेरा स्टेशनवर भेटला. केस पांढरे झाले होते. म्हणाला, "घर कसं आहे, बाई? कुठं फाटलं नाही नं?" नाही म्हटलं. त्याची गाडी यायला वेळ होता. आम्ही पावसापाण्याचं बोललो.

निबंध ऐकल्यावर, सोमवारी, त्याचं घर शोधत गेले. सून दारात आली. अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणाली. तुम्ही कोण, विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या मुलीच्या शाळेतली जुनी बाई, सहज आले होते. तिनं चहा केला. मी प्यायले आणि परत आले. म्हणजे सोमवारीही खरं सांगितलं नाहीच.

ईशान, निबंधातली वही खरी आहे. ती माझ्या कपाटात आहे, आठही खुणांसकट. आणि हमीद मिस्त्रीनं दुसऱ्यांदा टाकलेला स्लॅब घराखाली आहे. त्याला भेग नाही.