बेजार म्हणजे काय

माझा धाकटा भाऊ चिदंबर म्हणजे एक नंबरचा हटवादी. त्याची पोरगी पूजिता विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्रात एम.ए. करायला लागली, तर याने मैसूरच्या आमच्या चामराजपुरम भागात सगळ्यांना सांगून टाकलं, "वेड्यांची डॉक्टरीण होणार!" अय्यो, काय हे बोलणं! पोर बिचारी सांगत राहिली, दवाखान्यात, शाळेत, कारखान्यात, सगळीकडे हल्ली अशी माणसं लागतात. याचं एकच: परीक्षेआधी नोकरी हातात, नाहीतर मुकाट्याने बी.एड.

तिला बी.एड. करायचं नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. मन नसताना वर्गात उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

शेवटच्या सहामाहीत तिला हेब्बाळच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवलं. काम चांगलं झालं तर तिथेच घेणार होते. तिथले साहेब निशांत, मूळचे नाशिकचे. कामगार पटापट सोडून जात होते आणि कारण कळत नव्हतं. पूजिताने इंग्रजी प्रश्नांचं कन्नड केलं, कागद वाटले. उत्तरं काय आली? सगळे खुशीत! एकालाही 'खिन्नता' नाही.

पोर तोंड पाडून माझ्याकडे आली. मी कॉफी ठेवत विचारलं, "काय गं, बेजार झालं का?"

ती बघतच राहिली. "आत्या, खिन्नता कोण म्हणतं गं? पुस्तकातला शब्द तो. त्यांना वाटलं, मी रोगच विचारतेय. चूक माझीच."

खरंच की. आम्ही मैसूरचे लोक घरात मराठी बोलतो, पण मन उदास झालं की कन्नडसारखं बेजारच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न बदलून साहेबांना वाचून दाखवला. त्यांचं कन्नड तोडकंमोडकं, पण 'बेजार' नेमकं कानात शिरलं. भडकलेच. "कंपनीने तुम्हाला बेजार केलं का, असं विचारणार? उद्या संप होईल!" नाशिकच्या मराठीत बेजार म्हणजे त्रास देऊन हैराण केलेला. उद्यापासून येऊ नका, म्हणाले.

मी असते तर चांगलं सुनावलं असतं. पूजिताने आधी शब्दाचा अर्थ सांगितला, मग म्हणाली, "सर, एकाच माणसाला विचारू द्या. तुमच्यासमोर."

मधू नावाच्या कामगाराला बोलावलं. तिने कन्नडमध्ये विचारलं, बेजार होतं का? तो आधी हसला. मग म्हणाला, "होतं, मॅडम. दोन वर्षं झाली. इथे मला कोणी नावाने हाक मारत नाही, मशीनच्या नंबराने मारतात. पुढच्या महिन्यात सोडणार आहे." पूजिताने ते मराठीत सांगितलं. साहेब तिला म्हणाले, "हाच प्रश्न सगळ्यांना विचारा."

परीक्षेला पंधरा दिवस असताना तिला नोकरीचं पत्र आलं: कामगार समुपदेशक. चिदंबरने ते दोनदा वाचलं.

"अक्का, लोक येऊन बोलणार आणि ही ऐकणार, एवढंच काम?"

"एवढंच," मी म्हटलं.

त्याची बायको वेदवती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून हा भांडला, ओरडला, पण तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पत्राची घडी घालत तो पोरीला म्हणाला, "रविवारी तुला सुट्टी असेल ना? मलाही थोडं बोलायचंय."

मला रडूच फुटलं.

पूजिता त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "रविवार कशाला, अप्पा? आत्ताच बोला."