मंदाच्या ऑपरेशनची तारीख

मंडळी, कळंबहून पुण्याला जाण्यायेण्यात आजचा अख्खा दिवस गेला, अन् तारीख न घेताच परतलो.

माझ्या धाकट्या बहिणीला, मंदाला, पोटाची लोंबती कातडी काढून घ्यायचीय. डॉक्टर गिऱ्हाईक बघून लगेच हो म्हणणार, असा माझा संशय. पण त्यांनी आधी तंबाखूचं विचारलं. तंबाखूनं जखम भरत नाही, म्हणाले.

मंदा ताठ बसली. "मला कसलंच व्यसन न्हाई."

तेवढ्यात तिच्या पिशवीत डबी खुळखुळली. मी विचारलं, "मंदे, काय गं ते?"

"मिश्री हाय, दादा! दात घासायला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी ही पूर्ण बंद करा, मग तारखेचं बघू."

तुमच्या घरी कुणी मिश्रीला व्यसनात धरतं का?

मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच.