दारावरची नाल आणि सात ठिकाणची गळती

चहा घ्या, मी सांगतो. माझं बोलणं सावकाशीचं असतं, तेव्हा चहा निवला तर मला बोल लावू नका. गोष्ट माझ्याच फजितीची आहे. गल्लीतल्या कुणाकडून ऐकाल तर त्यात मीठमसाला असेल, म्हणून म्हटलं आपणच सांगावी.

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं विंचूरहून मुंबईला कांद्याचा टेम्पो चालवला. सत्तरीला आल्यावर टेम्पो विकला, जीप ठेवली, आणि जीपच्या मागे जोडायची झोपायची गाडी घेतली. गाडी कसली, चाकांवरची खोली. आत दोघांपुरती गादी, मागे छोटा ओटा, ओट्यावर नळ. दसऱ्याला ती नाशिकला आमच्या दारात आली, तेव्हा गल्लीतली माणसं देवळात शिरावं तशी चपला काढून आत शिरत होती.

गाडी घेतली ती हिच्यासाठी. आमच्या हिला समुद्र बघायचा होता. पण लॉजच्या गादीवर ती पाठ टेकत नाही. "कोण कोण लोळून गेलं असंल तिच्यावर," म्हणते. मी चाळीस वर्षं मुंबईला जात राहिलो आणि हिने समुद्र नुसता माझ्या तोंडून ऐकला. तर ठरलं, संक्रांत झाली की निघायचं.

आता एवढी नवी गाडी, एवढे लोक बघून गेलेले. नजर लागणार नाही का? मी त्याच दिवशी दारावर घोड्याची नाल टांगली. दीड इंची खिळा, हातोडीचे दोन घाव. टेम्पोला मी जन्मभर हेच करत आलो. टेम्पोला मागे जाड फळ्यांचा लाकडी फाळका होता, त्याने खिळे खाऊन कधी तक्रार केली नाही.

अमावस्येला गाडी धुवायची आणि पुजायची, ही आम्हा ड्रायव्हर लोकांची रीत. दिवाळीच्या अमावस्येला पाइप लावून गाडी धुतली, हार घ्यायला आत वाकलो, तर उशाशी पाणी ठिबकतंय. ही मागे उभीच होती.

"हे बघा," ही म्हणाली, "गळक्या घरात मी अर्धा जन्म काढला. आता चाकावरच्या गळक्या घरात नाय झोपायची. आधी गाडी कोरडी करा, मग समुद्राचं बघू."

झालं. कंपनीला फोन लावला. पुण्याहून प्राजक्ता नावाची मुलगी बोलली. आवाज फार गोड.

"सर, बाहेरून पत्र्याला कुठे भोक पडलंय का?"

मी फोन कानाला धरून गाडीला फेरी मारली. "नाही ताई."

"नक्की ना?"

"मुंगी शिरायला जागा नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. भोक म्हणजे रिकामी जागा. तिथे तर खिळा होता.

कंपनीने माणूस पाठवला, त्याने दारावरच्या नालेला हात जोडले आणि खिडकीचं रबर बदललं. मी मात्र विचार केला, नवी गाडी गळते म्हणजे नजर जबरदस्त आहे, एका नालेने भागायचं नाही. पुढे एक आणि मागे एक अशा दोन काळ्या बाहुल्या ठोकल्या. पुढच्या अमावस्येला धुतली, तर तीन ठिकाणी पाणी.

पुन्हा फोन. या वेळी त्यांनी छताचा सांधा भरून दिला. मी चारही कोपऱ्यांना बाहुल्या ठोकल्या. त्यानंतरच्या अमावस्येला सात ठिकाणी पाणी. गादीवर पातेली मांडून ही माझ्याकडे बघत राहिली. मग तिने समुद्रासाठी काढलेल्या पिशव्या परत आत नेऊन ठेवल्या.

एव्हाना प्राजक्ता मला आजोबा म्हणू लागली होती. "आजोबा, आमच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीला असं होत नाही हो."

"तेच म्हणतोय मी ताई. माझ्याच गाडीला होतंय म्हणजे काय ते समजा. नजर आहे."

"आजोबा, नजर वॉरंटीत बसत नाही." मग तिचा आवाज पडला. "साहेबांनी या गाड्यांची विक्रीच थांबवलीय. दोष सापडत नाही तोवर एकही गाडी बाहेर सोडायची नाही म्हणतात. कारखाना बंद पडल्यासारखा झालाय."

मला फार वाईट वाटलं. पोर कामावरून गेली तर? माझ्या गाडीची नजर बिचाऱ्या कंपनीला लागली, यात मला शंका उरली नाही. मी बाजारातून चांगली मोठी बाहुली आणली, सोबत नवा खिळा ठेवला, आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली. "ताई, ही कारखान्यावर ठोका. भिऊ नका. मी गाडीवर सात ठिकाणी ठोकलंय." कुरियरने पुण्याला पाठवली.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"आजोबा, सात ठिकाणी काय ठोकलंय?"

"खिळे."

"कशात?"

"गाडीत. एक नालेचा, सहा बाहुल्यांचे."

तिने तेच मागे वळून कुणाला तरी मोठ्याने सांगितलं. मग मागून कुणीतरी पुरुष मोठ्याने "देवा" म्हणाला. ते साहेब असावेत.

दुसऱ्याच दिवशी माणूस आला. त्याने खिळे उपटले, सातही भोकं बुजवली, आणि पाइपाने तासभर पाणी मारून दाखवलं. ही आत बसून होती. कोरडी बाहेर आली आणि पिशव्या भरायला लागली. संक्रांतीनंतर आम्ही समुद्रावर गेलो. तीन दिवस राहिलो, पाण्यात पाय सोडून बसलो. परत निघायचं म्हटलं की ही ऐकू येत नसल्यासारखं करायची.

आम्ही परत आलो आणि महिन्याभराने कंपनीकडून गाडीचं नवं माहितीपुस्तक आलं. पहिल्याच पानावर चित्र आहे. टोपीवाला म्हातारा गाडीवर हातोडी उगारून उभा, आणि त्याच्यावर लालभडक फुली. कंपनी म्हणते, चित्र कुणाचंही नाही.

ही ते पान घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते आणि म्हणते, "टोपी कुणाचीबी असंल. नाक मात्र यांचंच हाय."