साखराच्या लेकीची वल्दियत

बिलोली तालुक्यातल्या देशमुखांच्या घरी सौदामिनीबाई नांदायला आल्या, तेव्हा माहेरून भांडीकुंडी, दोन गाई आणि साखरा नावाची लहान पोर आंदण आली होती. साखरा त्याच घरात राबून मेली. मागे तिची मुलगी शिवकांता उरली. तीही पाणी भरी, शेण काढी, बाळंतिणींची अंगं चोळी आणि गोठ्याशेजारच्या खोपटात निजे. बदल्यात उरलंसुरलं अन्न. तिचा बाप कोण, हे गावाला ठाऊक होतं; बोलत कुणी नव्हतं.

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत हुकूम आला. पिढीजात राबलेल्यांच्या वारसांना सरकार गायरानातली जमीन देणार होतं. त्याच उन्हाळ्यात देशमुखांची कुसुम लग्न होऊन शिरूर अनंतपाळला जाणार होती आणि सोबत शिवकांताची सिंधू, साखरा आली होती तशीच. शिवकांताचा नवरा परगावचा मजूर, कॉलऱ्यात गेलेला. जमिनीचा तुकडा मिळाला तर लेकीला घेऊन वेगळं राहता येईल, एवढाच तिचा हिशेब होता.

चौकशीला आलेले नायब तहसीलदार देशमुखांकडेच जेवले आणि त्यांच्याच ओसरीवर बसले. शेजारी सौदामिनीबाईंचे चिरंजीव, कुसुमचे वडील आप्पासाहेब. साहेबांनी शिवकांताला वल्दियत विचारली. तिला उमगलं नाही, तेव्हा म्हणाले, "बापाचं नाव सांग. त्याशिवाय वारस कशी ठरणार?"

तिनं आईचं नाव सांगितलं. ते चालत नव्हतं.

"बापूसाहेब देशमुख," ती म्हणाली.

ते आप्पासाहेबांचे वारलेले वडील. आप्पासाहेबांनी नाकारलं नाही. साहेबांनी विडा गालात सरकवून निकाल दिला. ही मालकाच्या रक्ताची, म्हणजे राबणाऱ्यांची वारस नव्हे. जमीन मिळणार नाही. आणि दासीच्या पोरीला मालकाच्या इस्टेटीत वाटा नसतोच.

"हाव साहेब. मी मालकाची लेक, तर सिंधू त्यांची नात झाली. मंग तिला आंदण कशी देऊन राहिले?"

साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

सौदामिनीबाईंनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. साखराबद्दल त्या जन्मभर बोलल्या नव्हत्या. खोपट रिकामं करा, एवढा त्यांचा निरोप आला. ही गोष्ट वरपक्षाच्या कानावर जाऊ नये म्हणून आप्पासाहेबांनी सिंधूलाही आईसोबत जाऊ दिलं.

मायलेकी नांदेडला कापसाच्या जिनिंगात लागल्या. रुईनं शिवकांताची छाती भरली, खोकला जडला. पुढं निजाम गेला. गावाकडून आलेल्या एकानं सांगितलं, की गायरानातली जमीन देशमुखांचा गडी गुंडप्पा याच्या नावे झाली, नांगर मात्र देशमुखांचाच चालतो. आणि कुसुमसोबत शिरूरला तेव्हा सिंधूच्या जागी गुंडप्पाची धाकटी पोर पाठवली.

शिवकांता त्या दिवशी कामावर गेली नाही.